लिहिलेले राहते : नगरच्या मातीतील लेखक आणि आपण

स्मरणिकेसाठी मजकूर गोळा करण्याचे काम ज्यांच्या वाट्याला येते, त्यांना दरसाल एक अनुभव हटकून येतो. जाहिराती मिळतात, शुभेच्छा मिळतात, वर्गणीही मिळते. मिळत नाही तो लेख. सावेडीतल्या कोणत्याही घरी जाऊन बसा. दादीजान तुम्हाला दुष्काळाच्या, जुन्या मोहल्ल्याच्या, पहिल्या शाळेच्या अशा हकीकती सांगतील की चहा निवून जाईल. सेवानिवृत्त मास्तर वीस वर्षांपूर्वीचा प्रसंग काल घडल्यासारखा रंगवतील. पण "हेच दोन पाने लिहून द्या" असे म्हटले, की ठरलेले उत्तर येते : "आमची मराठी शुद्ध नाही हो. लिहिणे आमचे काम नव्हे. आणि लिहिले तरी छापणार कोण?"

या तीन वाक्यांना उत्तर द्यावे म्हणून हा लेख लिहीत आहे. उत्तर उपदेशाने द्यायचे नाही. ते आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात पडून आहे. फक्त उचलून समोर ठेवायचे आहे. शासनदरबारी २०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले, त्या आपल्या नगरच्या परिसरात गेल्या चार शतकांत कोणी कोणी लिहिले, कसे लिहिले, पुन्हा कसे लिहिले आणि ते वाचकांपर्यंत कसे पोहोचले, हे पाहिले की लेखनकलेचे बहुतेक धडे आपोआप हाती येतात.

फिरिश्ता : आधी वाचन, मग लेखन

सुरुवात निजामशाहीपासून करू. इराणातील अस्तराबादहून एक विद्वान गृहस्थ आपल्या लहान मुलाला घेऊन नगरच्या दरबारी आले. राजपुत्र मीरान हुसेन याला फारसी शिकविण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांचा तो मुलगा म्हणजे मुहंमद कासिम, ज्याला जग आज 'फिरिश्ता' या नावाने ओळखते. नगरातच तो वाढला, शिकला, शाही सेवेत शिरला. पुढे दरबारात रक्तपात झाला, गटबाजी माजली आणि १५८९ मध्ये त्याने नगर सोडून विजापूर गाठले. तेथे इब्राहीम आदिलशाह दुसरा याच्या सांगण्यावरून त्याने हिंदुस्थानातील मुसलमानी राजवटींचा इतिहास लिहिला.

या ग्रंथाचे महत्त्व इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. लिहू इच्छिणाऱ्याने मात्र त्यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी, की फिरिश्त्याने आपण कोणकोणते ग्रंथ वाचून हे लिहीत आहोत त्यांची यादीच दिली आहे. तीसहून अधिक नावे त्यात आहेत. म्हणजे एक ग्रंथ लिहायला त्याने तीसांवर ग्रंथ वाचले आणि ते कबूलही केले. आपल्यापैकी कितीजण एक लेख लिहिण्याआधी तीन लेख वाचतात? दुसरी गोष्ट अशी, की १६०६ च्या सुमारास ग्रंथ बादशहापुढे ठेवल्यावरही तो थांबला नाही. पुढची काही वर्षे तो त्यात भर घालीत राहिला, दुरुस्त करीत राहिला. पहिला मसुदा हा शेवटचा मसुदा नव्हे, हा धडा नगरात वाढलेल्या या लेखकाने चारशे वर्षांपूर्वी घालून दिला आहे.

आणि छपाई? त्याचा मूळ फारसी ग्रंथ मुंबईत छापला गेला तो १८३१ मध्ये, लिहिल्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी. तोवर तो नक्कलनविसांच्या हातांवर जगला. कोणी तरी पान पान उतरवून घेतले म्हणून तो उरला.

शेख महंमद : भाषा कोणाची?

आता "आमची मराठी शुद्ध नाही" या तक्रारीकडे वळू. नगरहून दक्षिणेला श्रीगोंदे आहे. तेथे शेख महंमदबाबांचे समाधिस्थान आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांचा त्यांच्यावर लोभ होता. चांद बोधले हे त्यांचे गुरू. जन्माने मुसलमान, घरची परंपरा सूफी, आणि ग्रंथ लिहिला तो मराठीत, ओवीछंदात. 'योगसंग्राम' हा त्यांचा ग्रंथ शके १५६७ मध्ये, म्हणजे १६४५ साली पुरा झाला. माणसाच्या आत चाललेल्या लढाईचे ते वर्णन आहे. ऐकणारा शेतकरी, बलुतेदार डोळ्यांसमोर आहे हे ओळीओळीला जाणवते. याच तालुक्यातील पेडगावचे शहामुनी. त्यांनी अठराव्या शतकात 'सिद्धांतबोध' हा मोठा ओवीबद्ध ग्रंथ रचला.

शेख महंमदांना कोणी विचारले असेल का, की बाबा, तुमची मराठी शुद्ध आहे का? विचारले असते तरी ते थांबले नसते. ज्या लोकांत ते राहत होते त्या लोकांची भाषा मराठी होती आणि त्यांना त्या लोकांशी बोलायचे होते. एवढे कारण त्यांना पुरले. त्यांचे साहित्य वारकऱ्यांच्या मुखात आणि मठांच्या बाडांत टिकले. विसाव्या शतकात वा. सी. बेंद्रे यांनी ते जमवून, संपादून छापले. रा. चिं. ढेरे यांनी १९६७ मध्ये 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तकच लिहिले, तेव्हा अभ्यासकांना कळले की हा एकटादुकटा चमत्कार नव्हता, ती एक वाट होती.

येथे आणखी एक गंमत सांगतो. लिहायला बसल्यावर तुमच्या टेबलावर काय काय असते? कागद, शाई, पूर्वीच्या काळी दौत. तुम्ही लिहिता तो मजकूर. पहिल्यांदा करता तो मसुदा. वर देता तो मथळा. उतरवता ती नक्कल. खाली घालता ती तारीख आणि करता ती सही. हे सारे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इतके मुरले, की आज ते परके वाटत नाहीत. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राजव्यवहारकोश' तयार झाला, तरी हे शब्द हलले नाहीत. डॉ. यू. म. पठाण यांच्यासारख्या विद्वानाने मराठी बखरींतील फारसीचा अभ्यास केला. हेच पठाणसर १९९० मध्ये पुणे येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. लेखनाची निम्मी अवजारे ज्या घरातून आली, त्या घरातल्या मुलाने "लिहिणे आमचे काम नव्हे" म्हणावे, यासारखे दुसरे नवल नाही.

राहता राहिले शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा नियम ठरविले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. एकूण अठरा नियम! घरी दखनी बोलणाऱ्या मुलाला अठरा नियम शिकणे अवघड नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुसऱ्याला दाखवून दुरुस्त करता येतात. जे लिहिलेच नाही ते मात्र कोणीही दुरुस्त करू शकत नाही.

चौदा वर्षांची लेखिका आणि एक न लिहिलेले पान

नगरला छापील शब्दाचे युग आले ते अमेरिकन मराठी मिशनबरोबर. जून १८४२ मध्ये या मिशनने नगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले. काही वर्षांनी ते मुंबईला गेले. मिशनच्या मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा नगरला होत्या. त्या पाहूनच जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली आणि १८४८ मध्ये ती शाळा उघडली. सावित्रीबाईंच्या अध्यापनशिक्षणाशीही मिस फरार यांचे नाव जोडलेले आहे.

याच फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत मुक्ता नावाची मातंग समाजातील मुलगी शिकत होती. वय सुमारे चौदा, शाळेत येऊन अवघी तीन वर्षे झालेली. तिने मांगमहारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदया'च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत छापून आला. आज तो दलित स्त्रीच्या पहिल्या छापील लेखनापैकी एक म्हणून देशभर वाचला जातो.

तिच्यापाशी कोणते साधन होते? पांडित्य नव्हते, ओळखीपाळखी नव्हत्या, घरात पुस्तकांचे कपाट नव्हते. एक गोष्ट मात्र होती : आपण काय पाहिले हे तिला ठाऊक होते. डोक्यावर धड छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांचे हाल तिने लिहिले. मोठमोठे शब्द न वापरता तिने जे दिसले ते सांगितले, प्रश्न विचारले आणि शेवटी आपल्याच लोकांना शिकण्याची हाक दिली. नव्या लेखकाने विषय शोधत वणवण करू नये. त्याचा विषय बहुधा त्याच्या दारातच उभा असतो. चंद्र, सागर आणि मानवी जीवन यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. सावेडी हे शेतावस्तीचे गाव होते ते उपनगर कसे झाले, विहिरी कोठे होत्या, पहिली मुलगी कॉलेजात कोण गेली, यांवर लिहिणारे तुमच्याशिवाय कोणी नाही.

आता याच शाळांची दुसरी हकीकत ऐका. सावित्रीबाईंनी आजारपणात माहेराहून जोतीरावांना लिहिलेले १० ऑक्टोबर १८५६ चे एक पत्र प्रसिद्ध आहे. आपण नसल्यामुळे फातिमाला फार कष्ट पडत असतील, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा उल्लेख त्या पत्रात आहे. ही फातिमा म्हणजे फातिमा शेख, फुले दांपत्याची सहकारी शिक्षिका, असे अभ्यासक मानतात. परंतु पत्रात नाव आहे ते केवळ 'फातिमा'. फातिमाबींच्या स्वतःच्या हातचे एकही पान आपल्यापाशी नाही. त्या कोठे शिकल्या, पहिल्या दिवशी वर्गात किती मुली होत्या, रस्त्याने जाताना लोक काय बोलले, घरच्यांनी अडविले की पाठविले, यांतले काहीही त्यांच्या शब्दांत आपल्याला मिळत नाही. म्हणूनच आज दीडशेहून अधिक वर्षांनी त्यांच्याविषयी वाद घालणारे खुशाल वाद घालतात आणि त्यांचा अभिमान बाळगणाऱ्यांच्या हाती दुसऱ्याच्या पत्रातले ते एक वाक्य तेवढे राहते.

वाचकहो, मुक्ताने लिहिले, ती राहिली. फातिमाबींच्या हातचे काही उरले नाही. त्या दुसऱ्याच्या पत्रातला एक उल्लेख होऊन राहिल्या. आपल्या समाजाला या दोन उदाहरणांतून जे शिकायचे ते शिकायला आणखी किती वर्षे लागावीत?

घरातल्यासारखे सांगणे

याच जिल्ह्याशी जोडलेले आणखी एक नाव लक्ष्मीबाई टिळकांचे. कवी ना. वा. टिळकांच्या पत्नी, नगर आणि राहुरी येथे त्यांच्या संसाराचा मोठा काळ गेला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. पुढे मुलाने, वडिलांच्या चरित्रासाठी तुझ्या आठवणी लिहून दे, असा आग्रह धरला आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' जन्मले. १९३४ पासून ते भागाभागाने पुस्तकरूपाने आले. मराठीतील उत्तम आत्मचरित्र कोणते असे विचारले तर आजही जाणते लोक याच पुस्तकाचे नाव आधी घेतात.

लक्ष्मीबाईंच्या लेखनाचे बळ कशात आहे? त्या जशा बोलत तशा लिहीत. स्वतःची फजिती लपवीत नसत. सोवळ्याओवळ्याचे, भांडणाचे, उपासमारीचे प्रसंग त्या हसत सांगतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. आपण काय करतो? तोंडाने छान बोलतो आणि कागद पुढे येताच "सदर प्रसंगी उपस्थित मान्यवरांनी" असे सुरू करतो. दादीजानची हकीकत दादीजानच्या तोंडची वाटली पाहिजे. त्यात एखादा दखनी शब्द राहिला तर राहू द्या. पुढच्या पिढीला तो शब्द तुमच्या लेखातच सापडेल.

किल्ल्यातील पत्रे

सावेडीहून भुईकोट किल्ला काही फार दूर नाही. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना अटक झाली आणि त्यांतल्या कार्यकारिणीच्या सभासदांना या किल्ल्यात आणून ठेवले. जवळजवळ तीन वर्षे तेथे एक विलक्षण लेखनशाळाच भरली होती. पट्टाभि सीतारामय्या यांनी येथे लिहिले, आचार्य नरेंद्र देव यांनी बौद्ध तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाचे भाषांतर केले. पंडित नेहरूंचा 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत येथेच लिहून झाला. हस्तलिखित हजारएक पानांचे होते. प्रस्तावनेत नेहरूंनी सोबतच्या बंदिवानांचे, विशेषतः मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव आणि असफअली यांचे आभार मानले आहेत. त्यांच्याशी झालेल्या चर्चांचा आपल्याला फार उपयोग झाला असे ते सांगतात. नेहरूंसारख्या लेखकालाही चार जाणत्यांशी बोलून आपले विचार घासून घ्यावेसे वाटले, हे आपण लक्षात घ्यावे.

परंतु आपल्याला येथे मुख्यतः पाहायचे आहे ते मौलाना अबुल कलाम आझाद यांच्याकडे. त्यांनी या किल्ल्यातून आपले मित्र नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहिली. पत्रे म्हणायची एवढेच. कारण बंदिवासाच्या नियमांमुळे ती पाठविता येत नव्हती. ज्याला लिहायचे त्याच्यापर्यंत ती जाणार नाहीत हे ठाऊक असूनही मौलाना लिहीत राहिले. पहाटे तीन-चारच्या सुमारास उठायचे, स्वतःच्या हाताने चहा करायचा आणि लिहायला बसायचे, हा त्यांचा क्रम. कशावर लिहिले? चहावर लिहिले. खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांशी आधी लढाई आणि मग दोस्ती कशी झाली, यावर लिहिले. संगीतावर, ईश्वराच्या अस्तित्वावर लिहिले. ९ एप्रिल १९४३ रोजी कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम वारल्या. अखेरची भेटही झाली नाही. त्या दुःखाचे पत्रही त्यांत आहे आणि त्यात आक्रोश नाही. जून १९४५ मध्ये सुटका झाली आणि १९४६ मध्ये ही पत्रे 'गुबारे खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. उर्दू गद्यातील एक उत्तम ग्रंथ अशा रीतीने आपल्या नगरच्या किल्ल्यात लिहिला गेला.

या एका पुस्तकातून लेखनाचे तीन धडे मिळतात. रोज ठरल्या वेळी बसावे. एका माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहावे, म्हणजे भाषणाचा आव येत नाही. आणि विषय लहान म्हणून टाकून देऊ नये. चिमणीवर लिहिता आले तर मोठ्या विषयावरही लिहिता येते.

मौलानांना हे सारे सहज साधले असे मात्र समजू नका. १९०३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी 'लिसानुस्सिद्क' हे मासिक काढले. १९१२ मध्ये 'अल-हिलाल' सुरू केले. सरकारने जामिनकीच्या रकमा मागून, त्या जप्त करून ते बंद पाडले. तेव्हा त्यांनी 'अल-बलाग' काढले. कुराणाच्या भाषांतराचे आणि भाष्याचे कागद पोलिसांनी झडतीत उचलून नेले; परत मिळाले तेव्हा ते फाटून, विसकटून गेले होते. कोणीही लेखणी ठेवून दिली असती. मौलाना काही वर्षांनी पुन्हा पहिल्या पानापासून बसले आणि १९३१ मध्ये 'तर्जुमानुल कुरआन'चा पहिला खंड बाहेर आला. ज्यांचा एक लेख संपादकाकडून परत आला की वर्षभर लिहिणे बंद पडते, त्यांनी ही हकीकत आठवावी.

प्रस्तुत लेखकाचा पहिला लेखही परत आला होता. वर तांबड्या शाईने चार शब्द होते : "विषय चांगला, पाल्हाळ फार." आठ दिवस राग आला. नवव्या दिवशी लेख पुन्हा वाचला तर संपादकांचे म्हणणे खरे निघाले. बारा पानांची सहा केली आणि तो दुसरीकडे छापून आला. त्या चार शब्दांइतके शिक्षण पुढे कोणत्याही वर्गात मिळाले नाही.

छापखान्याच्या दारापर्यंत

आता "छापणार कोण?" या शेवटच्या प्रश्नाकडे येऊ. पूर्वी नक्कलनवीस लागत, पुढे छापखाना लागू लागला. आज हातातल्या फोनवर मराठी टंकलिखित करता येते आणि लेख क्षणात संपादकाकडे जातो. वाट सोपी झाली आहे. पण वाटेचे काही नियम तेच आहेत.

ज्या अंकाकडे लेख पाठवायचा तो अंक आधी वाचावा; तेथे कोणत्या प्रकारचे, किती लांबीचे लेख येतात हे पाहावे. मसुदा झाला की आठ दिवस बाजूला ठेवावा, मग मोठ्याने वाचावा. जेथे श्वास अडतो तेथे वाक्य मोडावे. एखाद्या जाणत्याला, आणि एखाद्या दहावीच्या मुलालाही वाचायला द्यावा. मुलगा जेथे अडखळेल तेथे दोष लेखाचा समजावा. नावे, सने, गावे दोनदा ताडून पाहावीत. मूळ प्रत स्वतःपाशी ठेवावी. एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी देऊ नये. दिवाळी अंकांची परंपरा का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये सुरू केली. या अंकांचे काम पावसाळ्यातच सुरू होते, म्हणून दसऱ्याला पाठविलेला लेख उशिराचा ठरतो.

पुस्तक काढायचे मनात असेल तर घाई करू नये. पैसे मागणाऱ्या प्रकाशकाला प्रती किती छापणार, विक्री कोण करणार, हक्क कोणाकडे राहणार, हे लेखी विचारावे. आपल्या देशात लेखनाचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात साठ वर्षे राहतो. तो न वाचता सही करून देऊ नये. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्याची योजना आहे. तिची चौकशी करावी. पुस्तक निघाले की १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना, त्यांत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, प्रत पाठवायची असते. ती पाठविली गेली की नाही हे लेखकाने विचारून घ्यावे. तेथे पोहोचलेले पुस्तक आपल्या नातवंडांनाही सापडेल. आपल्या या स्मरणिकेची एक प्रतही दरसाल जुन्या जिल्हा वाचनालयात गेली पाहिजे.

आणि एकटे वाटू देऊ नका. शाहीर अमर शेख, 'इंधन' कादंबरीचे लेखक हमीद दलवाई यांच्यापासून आजवर मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान लेखकांची मोठी रांग आहे. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. १९९७ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन खुद्द आपल्या नगरात, ना. सं. इनामदार यांच्या अध्यक्षतेखाली झाले. महाराष्ट्र साहित्य परिषदेची शाखा सावेडीतच आहे. दार उघडे आहे. आत पाऊल टाकायचे ते आपणच.

शेवटी एक विनंती. येत्या सुट्टीत आपल्या घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा. त्यांच्या शाळेचा, किंवा शाळा न मिळाल्याचा, एकच प्रसंग विचारा. ते जसे सांगतील तसा दोन पानांत उतरवा. तारीख घाला, त्यांचे नाव घाला, त्यांना वाचून दाखवा, दुरुस्त करा आणि पुढच्या स्मरणिकेसाठी पाठवा. फातिमाबींच्या हातचे एखादे पान आज मिळाले असते तर त्याची किंमत कशाने केली असती? तसे पान तुमच्या घरात आज लिहिले जाऊ शकते. सांगणारी व्यक्ती समोर बसलेली आहे. उशीर करू नका.